दिवसातून चार वेळा

लोणावळे, ३१ ऑक्टोबर १९६५

कस्तुर,

आधी ‘प्रिय’ लिहून खोडलं, मग ‘सौ.’ लिहून खोडलं. हा तिसरा कागद. नुसतं नाव लिहिलं आहे. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या पत्राला ते शोभत नाही, पण चार वर्षं एक ओळ न लिहिणाऱ्या नवऱ्याला दुसरं काय शोभेल हे मला ठरवता आलं नाही.

तुझं कार्ड परवा मिळालं. सात ओळी. शेवंतीला छातीच्या त्रासामुळे तीन जिने सारखे चढवत नाहीत, शाळा निम्मी बुडते, दिवसभर खिडकीत बसून असते, तिला कुत्रं हवं आहे. मुंबईच्या ब्लॉकात लहानच चालेल, कागदावर बसायची सवय असलेलं. “तिकडे बंगल्यांतून तसली कुत्री असतात. निरोगी पाहा. घरात एक आजारी पुरे आहे. सवयी लावून मग ५ डिसेंबरला स्वतः घेऊन या. तिला तुम्हाला पाहायचं आहे.”

शेवटचं वाक्य तू मनापासून लिहिलंस की पोरीने हट्ट करून लिहून घेतलं? विचारायचा मला हक्क नाही, हे लिहितानाच कळतं आहे. तरी खोडत नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. परवाच्या डायरीत मी लिहिलं आहे: ‘पिल्लू नेलं, तर मुलगी भेटेल.’ हे वाक्य वाचून लाज वाटली. म्हणजे पिल्लू नसतं तर मी गेलो नसतो का? चार वर्षं गेलो नाहीच.

उद्यापासून शोधायला लागतो.

सोपान


लोणावळे, ७ नोव्हेंबर १९६५

कस्तुर,

पिल्लू ठरलं. कसं ठरलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुझी खात्री होईल.

आधी मी बाजारात गेलो होतो. तिथे एक माणूस मुंबईच्या पाहुण्यांना टोपलीतून पिल्लं विकतो. तळहातावर मावतील एवढी, कापसाच्या बोळ्यासारखी. मला ती फार आवडली. एक तर इतकं शांत होतं की ब्लॉकात याच्यापेक्षा चांगलं काय, असं वाटलं. घेणारच होतो. तेवढ्यात बहिरू भेटला. भुशीच्या रस्त्यावर एका पारशी बाईंचा बंगला आहे, तिथे तो माळीकाम करतो. त्याची पोरं माझ्याच शाळेत होती.

“मास्तर, ह्ये शांत न्हाई, उपाशी हाय,” तो म्हणाला. “महिन्याचं व्हायच्या आत आईपासनं तोडत्यात. वाढू नये म्हनून खायाला देत न्हाईत. मंबईत गेलं की आठ दिसांत खपतंय. चला आमच्या बाईकडं.”

बाईंकडे चार पिल्लं होती, पॉमेरेनियन, सात आठवड्यांची. त्यांची आईही पाहिली, ती ठणठणीत आहे. बाई सत्तरीच्या आहेत. मी पिल्लांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो तशा त्या ओरडल्या, “मास्तर, तू काय लगनाची पोरगी बघते? तोंड सगळ्याचा गोड असते. उलटा करून बघ!”

मग त्यांनी शिकवलं. डोळे कोरडे हवेत, कडेला चिकटा नको. हिरड्या गुलाबी. कानाला वास नको. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत. डोक्यावर टाळू बोटाला मऊ लागली तर ते पिल्लू सोडून द्यायचं. बेंबीपाशी गाठ नको. मग पाठीमागून टाळी वाजवून बघायची, वळतं का. आणि कोपऱ्यात जाऊन बसणारं घ्यायचं नाही.

कोपऱ्यात एक बसलं होतं. सगळ्यांत लहान. माझा हात तिकडेच जात होता.

“दया आली?” बाई म्हणाल्या. “दया करायची तर इथे येऊन कर. पोरीच्या गळ्यात कशाला बांधते?”

मी धावत आलेली मादी निवडली. पांढरी स्वच्छ आहे, फक्त डाव्या कानावर बिस्किटाच्या रंगाचा एक ठिपका. तिने माझ्या बुटाची नाडी सोडली. हे शेवंतीला सांग. पुढच्या रविवारी आठ आठवडे पूर्ण झाल्यावर बाई देणार आहेत.

मी क्वचितच एखादी गोष्ट नीट निवडली आहे. आज निवडली असं वाटतं.

सोपान


लोणावळे, २० नोव्हेंबर १९६५

कस्तुर,

शेवंतीचं पत्र पोचलं. तिचं मला आलेलं पहिलं पत्र. ‘ती पिठीसाखरेसारखी असेल म्हणून तिचं नाव पिठी. कानावरचा ठिपका केवढा आहे? नव्या पैशाएवढा की आणेलीएवढा? मी तो रोज मोजणार आहे.’ मी पिठीच्या कानावर नवा पैसा ठेवून पाहिला. थोडा मोठा आहे, असं तिला सांग.

पिठी माझ्या खोलीत आहे. दोन खोल्या आणि एक गॅलरी, म्हणजे तुमच्या ब्लॉकाएवढीच जागा. गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरतो. खाल्ल्याबरोबर दहा मिनिटांनी तिला तिथे नेऊन ठेवतो आणि काम झालं की पाठ थोपटतो. तीन दिवसांपासून ती आपली आपण जाते.

खाणं दिवसातून चार वेळा. बाईंनी कागदावर लिहून दिलं आहे, तो भिंतीला चिकटवला आहे. सकाळी सातला कोमट दूध, त्यात कुस्करलेला मऊ भात. अकराला खिमा, बिनमसाल्याचा, उकडलेला. दुपारी चारला पुन्हा खिमा-भात. रात्री आठला दूध आणि अंड्याचा बलक. खिमा बहिरूची बायको हिरी शिजवून डब्यात देते, कारण आमच्या चुलीवर तो चालत नाही. अकराचं खाणं शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत येऊन देतो.

बाईंनी एक गोष्ट तीनदा सांगितली. या जातीच्या पिल्लाच्या अंगात साठा नसतो. मोठं कुत्रं दोन दिवस उपाशी राहील, याची एक वेळही चुकवायची नाही. चुकली, तर ते गार पडतं, झोकांड्या खातं, मग निपचित होतं. तसं झालं तर लगेच साखरेचं पाणी हिरड्यांना चोळायचं. लगेच, असं म्हणून त्यांनी काठी आपटली.

तुझ्या नणंदबाई अजून तशाच. अक्का पिठीला शिवत नाही, पण ‘खाल्लं का गं बाय?’ असं लांबून विचारते. काल तिने आपलं जुनं लुगडं फाडून तिला अंथरूण केलं.

धान्य वाचवायच्या पंतप्रधानांच्या आवाहनावरून शाळेत सगळ्यांनी दर सोमवारी रात्री न जेवण्याची शपथ घेतली आहे. शपथ मीच सांगितली, त्यामुळे मला ती मोडता येत नाही. मंगळवारी सकाळी सूर्यग्रहण आहे. मुलांना काचा काजळून आणायला सांगितलं आहे. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे त्यांना चेंडू आणि कंदील घेऊन दाखवलं.

पंधरा दिवस राहिले. तिच्यासमोर उभा राहिल्यावर काय बोलायचं, याची मी तालीम करतो. पिठी ऐकते.

सोपान


लोणावळे, २४ नोव्हेंबर १९६५

कस्तुर,

घाईत लिहितो आहे. थंडी वाढली आहे. पिठी जरा मलूल आहे. काळजीचं कारण नाही. शेवंतीने ठिपक्याचं माप पुन्हा विचारलं आहे, पण तिला सध्या उत्तर पाठवत नाही. शाळेत सहामाहीच्या वह्या तपासायच्या आहेत.

पाच तारखेचं ठरल्याप्रमाणे.

सोपान


लोणावळे, २८ नोव्हेंबर १९६५

कस्तुर,

गेल्या पत्रातला एकही शब्द खरा नव्हता. थंडी होती, तेवढं खरं. ते पत्र लिहिलं तेव्हा पिठीला जाऊन एक दिवस झाला होता.

क्रमाने सांगतो. आपल्या बाजूने काही सांगायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

सोमवारी दुपारी चारला तिने नीट खाल्लं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ग्रहणाचे वेध लागले. अक्काने घरातलं शिजलेलं सगळं बाहेर टाकलं, दुधावर तुळशीचं पान ठेवून ते वर फडताळात ठेवलं आणि माळ घेऊन बसली. मी त्या रात्री जेवणार नव्हतोच. आठ वाजता पिठी वाटीपाशी येऊन बसली. मी फडताळाकडे गेलो.

“सोपाना, येध लागल्यात,” अक्का म्हणाली.

“अक्का, लहान मुलांना, आजाऱ्यांना सूट असते.”

“ती मान्सांना.”

एवढंच बोलणं झालं. यापेक्षा एक शब्द जास्त नाही. तिने दटावलं नाही, वाट अडवली नाही. मी फडताळापासून परत आलो आणि भिंतीवरचा कागद वाचत उभा राहिलो. मनाशी म्हणालो, देशभर लोक एक वेळ जेवण सोडताहेत, एका वेळेने काय होतं. शपथ मी घेतली होती, कुत्र्याने घेतली नव्हती, हे मला त्या वेळीही कळत होतं.

सकाळी सातलाही दिलं नाही. ती उठून आली नाही, झोपली आहे असं मी ठरवलं. पावणेआठला शाळेच्या मैदानावर गेलो. मुलांना काजळलेल्या काचेतून सूर्य दाखवला. ‘सर, ग्रहणात जेवलं तर काय होतं?’ असं एकाने विचारलं. ‘काही होत नाही,’ असं मी सांगितलं. तो हसून म्हणाला, ‘सर, तुम्ही जेवलात?’ सगळी मुलं हसली. मीही हसलो.

नऊ वाजून दहाला घरी आलो. पिठी अंथरुणावरून उठली, दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडली. पाय गार होते. हिरड्या पांढऱ्या. मी साखरेचा डबा काढला. पाण्याचा तांब्या घेतला. अक्का दारात बसली होती. “आजून सुटलं न्हाई रं,” असं म्हणाली, माळ ओढता ओढता, माझ्याकडे न बघता. आपण ‘पाऊस थांबला नाही’ म्हणतो, तसं.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. पंचांगातली सुटायची वेळ साडेनऊनंतरची होती. मी डबा मांडीवर घेऊन बसलो. पंचवीस मिनिटं. तिच्या अंगावर माझा कोट टाकला, पाय चोळले, तिच्याशी बोललो. साखर मात्र दिली नाही. ग्रहण सुटल्यावर पहिली चिमूट चोळली तेव्हा जीभ हलली नाही. उचलून धावत बंगल्यावर नेलं. बाईंनी हातात घेतली आणि लगेच परत माझ्या हातात दिली.

“कधी खाल्ला होता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“कागद वाचता येते ना तुला?” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

अक्काला दुखवायचं नव्हतं, असं मी त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं. तिने सुदुंबऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं, हेही लिहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा इथे काही संबंध नाही. मला फक्त कुणी माझ्यावर रागावायला नको होतं.

अक्काला कळलं तेव्हा ती जमिनीवर बसली. ग्रहणाची आंघोळ करून स्वयंपाकाला लागणार होती, ती तशीच राहिली. संध्याकाळी म्हणाली, “मला का न्हाई बोललास? ‘अक्का, मी देतो,’ असं म्हनला असतास तर म्या काय तुझा हात धरला असता? मला अडानीला काय ठावं, त्या कागदावर काय लिवलंय? तुला ठावं व्हतं.”

ती पुढे म्हणाली, “कस्तुराच्या येळंला पन तू असाच. म्या आपली रीत सांगत व्हते. तू शिकलेला, तू मला गप कर म्हनशील, असं मला वाटायचं.”

कस्तुर, मी १९५५ ची डायरी काढली. चौदा डिसेंबर, तेव्हाही ग्रहण होतं. तुला आठवा महिना होता. आदल्या रात्रीपासून तुझ्या पोटात पाणी नव्हतं, अंधाऱ्या खोलीत तुला सरळ निजवून ठेवलं होतं, कुशीवर वळू दिलं नव्हतं. दुपारी तू उठायला गेलीस आणि उंबऱ्यात पडलीस. चार दिवसांनी शेवंती झाली, महिनाभर आधी, हाताच्या ओंजळीएवढी. तुझं पडणं आणि तिची छाती यांचा संबंध डॉक्टरांनी कधी स्पष्ट लावला नाही. मी त्या ‘स्पष्ट’वर दहा वर्षं काढली. डायरीत त्या दिवशी काय लिहिलं आहे, सांगतो: ‘गच्चीवरून विद्यार्थ्यांना ग्रहण दाखवले. आकाश निरभ्र. मुले खूश.’ तुझं नावही नाही.

तू जाताना म्हणालीस, ‘अक्कांचा मला राग नाही. त्या बोलतात तरी.’ तेव्हा मला ते नुसतं रागाचं बोलणं वाटलं होतं.

आता यापुढचं. हे लिहिलं नाही तर हे पत्र गेल्या पत्रासारखंच होईल.

गुरुवारी मी पुन्हा बंगल्यावर गेलो. दुसरी एक मादी शिल्लक होती, पिठीची बहीण, अंगाने थोडी थोराड. बाई मला देईनात. शेवटी, ‘पोरीसाठी देते, तुझ्यासाठी नाय. पाच तारखेपर्यंत इथेच राहील, तू फक्त बघायला ये,’ असं म्हणाल्या. तिच्या कानावर ठिपका नाही. मी फाटकाशी उभा राहिलो तेव्हा बहिरू म्हणाला, “मास्तर, एवढं त्वांड कशाला पाडता? पोरीनं काय आदुगर बगितलीय? हिरीकडं मेंदी हाय. काढू की ठिपका! लगीन ठरल्यावानी नटवून देतो तुमची पिठी.”

तो थट्टा करत होता. मी म्हणालो, “काढ.”

तो हिरीला बोलवायला गेला. मग हिरीने मेंदी वाटली. पिल्लू मी धरलं, कानावर नवा पैसा ठेवून माप मीच घेतलं. दोन तासांनी धुतली. ठिपका बिस्किटाच्या रंगाचा आला नाही, नारिंगी लाल आला, कुंकू सांडल्यासारखा. हिरी तोंडाला पदर लावून हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. साबणाने जात नाही. महिना-दीड महिना राहील म्हणते.

तुला हे सगळं मी सद्‌बुद्धीने कळवतो आहे, असं लिहायला मला आवडलं असतं. पण रंग बरोबर आला असता तर हे पत्र मी लिहिलं असतं का, मला माहीत नाही. तीन दिवस हाच एक प्रश्न स्वतःला विचारतो आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर जरा जास्तच वाईट येतं.

मी यावं की नाही ते तू कळव. बाई पाच तारखेला मोटारीने मुंबईला येणारच आहेत, पिल्लू त्यांच्याबरोबरही येऊ शकेल.

सोपान


लोणावळे, ५ डिसेंबर १९६५, सकाळ

कस्तुर,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. ‘कुत्रं बाईंबरोबर पाठवा. तुम्ही येऊ नका. तिच्या पिठीला काय झालं आणि तुम्ही का आला नाहीत, हे तिला मी सांगणार नाही. ते तुम्ही लिहा. तिला वाचता येतं.’

तुझं बरोबर आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

बाई मोटारीने मुंबईला निघाल्या आहेत. वाटेत गाडी इथे थांबवून पिल्लू आत्ताच वर पाठवलं, पत्र आणि टोपली तयार करायला. तिने सात वाजता बंगल्यावर दूध-भात खाल्ला आहे. अकराच्या आत गाडी पोचली नाही तर वाटेत थांबून डब्यातला खिमा द्यावा, असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे तू मला शिकवते?’ साखरेची पुडी टोपलीत आहे. भिंतीवरचा कागद काढून सोबत ठेवला आहे. अंथरूण नवं आहे, तेही अक्कानेच शिवलं. तिने काल बंगल्यावर जाऊन पिल्लाला हात लावला, पहिल्यांदाच. ‘लय मऊ हाय गं बाय,’ असं म्हणाली आणि घरी येऊन आंघोळ केली. तिच्यात बदल होणार नाही. मी तिच्याबरोबरच राहणार आहे. तिला दुसरं कुणी नाही आणि मला एकट्याने राहता येईल, असं वाटत नाही.

पिल्लू निरोगी आहे. डोळे, हिरड्या, टाळू, बेंबी, सगळं मी पुन्हा पाहिलं. टाळीला वळतं. याचं नाव मी ठेवलेलं नाही.

शेवंतीला लिहायचं म्हणून बुधवारपासून बसतो आहे. एका कागदावर, पिठी आजारी पडून गेली, असं लिहिलं. ते खोटं होतं. दुसऱ्यावर सगळं खरं लिहिलं, तेव्हा वाटलं, नऊ वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकून मी फक्त स्वतः मोकळा होतो आहे. तिसऱ्यावर अक्काचं नाव आलं. ते खोडलं तर मागे काहीच उरेना. चौथ्यावर नुसतं ‘चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद’ एवढंच आहे, आणि त्याखाली बरीच जागा आहे.

बहिरू टोपली न्यायला वर आला आहे. “मास्तर, बाई खोळंबल्यात,” असं म्हणतो. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. तो म्हणाला, “मघाशी बी पाचच म्हनला व्हता.”

खाली हॉर्न वाजला. चौथा कागद आहे तसाच पाकिटात घालतो आहे.

सोपान